थेल्मा बसथांब्यावर होती

माझी नणंद थेल्मा भित्री आहे, हे आमच्या घरात कुणी लपवून ठेवत नसे. ती स्वतःही नाही. कुत्र्याला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, रात्री फोन वाजला तर तो उचलण्याआधी मनातल्या मनात सगळ्या नातेवाइकांना मारून मोकळी व्हायची. तरुणपणी एका वायरमनशी तिचं लग्न ठरलं होतं. तो कॅनडाला गेला, तिकडे बोलावू लागला, आणि हिची विमानात पाय ठेवायची हिंमत होईना. दोन वर्षं वाट बघून त्याने तिकडचीच एक केली. थेल्मा म्हणाली, बरं झालं, बिचारा किती थांबणार.

यात तिचा दोष नव्हता. ती लहान असताना बेलफास्टमध्ये रस्त्यावर गोळ्या चालायच्या. आमच्या सासऱ्यांनी पुढच्या खोलीतल्या खाटा मागच्या खोलीत हलवल्या होत्या, आणि दिवा लावला की खिडकीसमोरून मुलांनी रांगत जायचं, असा घरचा दंडक होता. माझा नवरा मर्विन त्यातून बाहेर आला. तो हे सगळं हसत सांगतो. थेल्मा आली नाही. पन्नाशी उलटली तरी संध्याकाळी पडदा ओढताना ती भिंतीला चिकटून हात लांब करायची.

तिने जन्मभर एकाच ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम केलं. सासरे गेले, मग दुकानही बंद पडलं, आणि ती घरात एकटी उरली. त्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये ग्लेनिस नावाची एक बाई बोलायला आली. वस्तीतल्या मुलांना मोठ्या माणसांची सोबत मिळवून द्यायचं काम तिची संस्था करायची. ती म्हणाली, शिकवायचं नाही, उपदेश करायचा नाही, आठवड्यातून एकदा तासदोन तास एका मुलासाठी हजर राहायचं, आणि मुख्य म्हणजे पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं. थेल्माने हात वर केला. मर्विनला चहाचा ठसका लागला.

"अगं, ही पोरं तुला भाजून खातील," घरी येताना तो म्हणाला.

"खाऊ देत," थेल्मा म्हणाली. "घरात बसून तरी मी कुणाच्या काय उपयोगाची?"

तिची चौकशी झाली, प्रशिक्षण झालं. त्यात एक नियम सांगितला होता: मूल विश्वासाने काही सांगेल ते आपल्यापाशी ठेवायचं, पण कुणाच्या जिवाशी गाठ असेल तर ते ग्लेनिसला सांगायचंच आणि हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. थेल्माने तो नियम पाठ केला होता. तिला सगळेच नियम पाठ असत. नियम नसले की तिला धडकी भरायची.

तिच्या वाट्याला कोर्टनी आली. तेव्हा चौदा वर्षांची. आई लोर्ना कोंबडीचं मांस पॅक करणाऱ्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करायची, बाप कुठे होता ते कुणी विचारत नसे. शाळेने तिला वर्गाबाहेर इतक्यांदा काढलं होतं की व्हरांड्यातल्या खुर्चीवर तिने आपलं नाव कोरून ठेवलं होतं. पहिल्या भेटीत ती कॅफेत कानातले इयरफोन न काढता बसली. थेल्माने घसा साफ करून तो नियम सांगितला. पोरीने एक कान मोकळा केला.

"यासाठी तुला पगार मिळतो?"

"नाही."

"मग डोकं फिरलंय का तुझं?"

"असेल थोडंसं," थेल्मा म्हणाली.

त्यांचं जमलं ते थेल्माच्या भित्रेपणामुळे. कोर्टनीला तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळलं की ही बाई दुकानांच्या इमारतीत चार मजले जिन्याने चढते, कारण तिला लिफ्टची भीती वाटते. पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्यापेक्षा घाबरट सापडलं होतं. तिने थेल्माला बरं करायचं मनावर घेतलं. दर बुधवारी एक मजला. "डोळे मीट, माझी बाही धर, आणि किंचाळू नकोस, लोक बघतात," असं दटावत ती तिला वर नेई. वसंतापर्यंत दोघी चौथ्या मजल्यावर पोचल्या होत्या. मर्विन चेष्टेने विचारायचा, यात कोण कुणाला सुधारतंय? पण कोर्टनी शाळेत टिकू लागली होती, हेही खरं.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मग तो ऑक्टोबर आला.

कोर्टनीच्या गल्लीत मारिसेल नावाची एक फिलिपिनो बाई राहायला आली होती. वृद्धाश्रमात कामाला होती, पाच वर्षांची मुलगी होती तिला. त्या उन्हाळ्यापासून वस्तीत कुजबुज चालली होती, की घरं आपल्या पोरांना मिळत नाहीत आणि बाहेरच्यांना मिळतात. दिव्याच्या खांबांवर कागद चिकटले. मारिसेलच्या दारावर कुणी अंडी फेकली. लोक म्हणाले, पोरंटोरं आहेत.

त्या बुधवारी थेल्माने कोर्टनीला नेहमीसारखं गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि ती समोरच्या बसथांब्यावर उभी राहिली. हिवाळ्यासाठी सगळीकडची घड्याळं नुकतीच तासभर मागे केली होती, त्यामुळे चहाच्या वेळेलाच अंधारून आलं होतं. बस आली, ती चढली, घरी आली. थोड्या वेळाने बातम्यांत तिने ती गल्ली पाहिली. मारिसेलच्या दारातल्या पत्रपेटीच्या फटीतून पेट्रोल ओतून कुणीतरी आग लावली होती. बाईने वरच्या खिडकीतून मुलीला शेजाऱ्याच्या हातात टाकलं आणि मग स्वतः उडी घेतली. कंबरेचं हाड मोडलं, पण दोघी वाचल्या.

थेल्माने मला फोन केला. "मी तिथेच होते गं," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

पुढच्या बुधवारी कोर्टनीला कॅफेत बसायचं नव्हतं. दोघी नदीकाठच्या पायवाटेने चालत राहिल्या. पोरगी नेहमीसारखी टिवल्याबावल्या करत नव्हती. लोखंडी पुलापाशी ती थांबली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, की तिने पाहिलं होतं. घरात शिरण्याआधी ती मागच्या बोळात सिगरेट ओढत होती. डेल पेट्रोलचा कॅन घेऊन आला, तोंडावर रुमाल बांधलेला, पण चाल कशी लपणार? डेल समोरच्याच घरातला. गेल्या वर्षी त्याने लोर्नाचं कुंपण फुकटात दुरुस्त करून दिलं होतं. परतताना त्याने कोर्टनीकडे पाहिलं की नाही, हे तिला नक्की ठाऊक नव्हतं. आठवडाभर ती झोपली नव्हती, ते त्यामुळेच.

"तू कुणाला सांगायचं नाहीस," ती म्हणाली. "शपथ घे."

थेल्मा नंतर मला म्हणाली, त्या क्षणी तिला नदीत उडी मारून पोहत निघून जावंसं वाटलं, आणि तिला पोहता येत नाही. डेल कोणाचा भाचा, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. बॉईडचा. बॉईडबद्दल फार सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. नाताळात तो म्हाताऱ्यांना सामानाच्या पिशव्या पाठवायचा, मिरवणुकीच्या बँडसाठी वर्गणी गोळा करायचा, आणि त्याचा विनोद संपायच्या थोडं आधीच लोक हसायला लागायचे. इतकं सांगितलं तरी पुरे.

"शपथ नाही घेता येणार," थेल्मा म्हणाली. "मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"तो तुमचा फालतू नियम!"

"त्या घरात लहान मूल होतं, कोर्टनी. आणि उद्या आणखी कुणाच्या घरात असेल."

पोरगी तिला नको नको ते बोलली. तूही त्यांच्यातलीच, सगळ्या मोठ्या माणसांसारखी, वगैरे. आणि पळत निघून गेली. थेल्मा तिथून सरळ ग्लेनिसकडे गेली. वाटेत दोनदा परत फिरली होती म्हणे.

ग्लेनिसने पोलिसांना कळवलं, मुलीचं नाव बाहेर येऊ नये म्हणून बजावलं. पोलिसांनी डेलला उचललं, चौकशी केली, हातात पुरावा नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सोडलं. आणि वस्तीत एकच प्रश्न फिरू लागला: कुणी सांगितलं?

शनिवारी सकाळी मी थेल्माकडे होते. ती सोडा ब्रेड करत होती, हात कोपरापर्यंत पिठाचे. दारावर टकटक झाली. अगदी सभ्य टकटक. बॉईड पायपुसण्यावर बूट पुसून आत आला, मला बघून मान लववली, माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग त्याने खुर्ची ओढली. मी हातात किटली घेऊन उभी होते ती तशीच उभी राहिले. ती खाली ठेवली तर आवाज होईल, असं मला का वाटलं कोण जाणे.

"तुझे वडील आणि माझे बाबा गोदीत बरोबर होते, थेल्मा," तो म्हणाला. "सरळ माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

थेल्मा पीठ मळत राहिली.

"तू पोरांसाठी करतेस ते चांगलंय. मी सगळ्यांना सांगतो, बघा, थेल्मा गुर्लीला बघा. पण या वयाच्या पोरी, तुला तर माहीतच आहे. मनाला येईल ते बोलतात. आमच्या डेलचं कुणीतरी नाव घेतलंय. मला कळलं, लोर्नाची पोरगी त्या वेळी मागच्या बोळात होती. तुझ्याजवळ काही बोलली का ती?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. थेल्माने पिठाकडे बघितलं. तिच्या बोटांवरून ओट्यावर पीठ बारीक भुरभुरत होतं. मला वाटलं, ही आता रडेल, आणि सगळं सांगून टाकेल, आणि मी तिला दोष देणार नाही.

"ती काही बोलली नाही," थेल्मा म्हणाली. "मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"मी बसथांब्यावर होते. डेल कॅन घेऊन बोळातून आला. मी पाहिलं आणि मीच सांगितलं."

बॉईड हसला. "तू? अगं तू तर पोस्टमनला भितेस."

"भिते," ती म्हणाली. "तुम्हालाही भिते. पण मी पाहिलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली आणि गेली. मग तो उठला, खुर्ची जागेवर सारली. "या वयात अंधारात नीट दिसत नाही," तो म्हणाला. "मी तुझ्या जागी असतो तर डोळे तपासून घेतले असते. शांतपणे पुन्हा आठवून बघ. मग पोलिसांना सांग की चूक झाली." जाताना त्याने दार हळूच ओढून घेतलं.

थेल्मा खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर, ओट्याला पाठ लावून, खिडकीच्या चौकटीच्या खाली. मी किटली खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले.

"तू खरंच पाहिलंस?" मी विचारलं.

"मी बसचं वेळापत्रक वाचत होते. माझी पाठ होती तिकडे."

"मग हे काय बोललीस गं?"

"त्याला कुणीतरी हवंच होतं," ती म्हणाली. "घेतल्याशिवाय गेला नसता."

संध्याकाळी मर्विनला सांगितलं तेव्हा तो पांढरा पडला. माझा नवरा वाईट माणूस नाही. पण तो म्हणाला, पोरगी आपली कोण लागते? उद्या जाऊन सांग की तिनेच सांगितलं होतं, लोर्ना तिला घेऊन बहिणीकडे इंग्लंडला जाईल, प्रश्न मिटला. थेल्मा त्याच्यासमोर ताट ठेवत होती. तिने ताट ठेवलं आणि म्हणाली, "मर्विन, बाबा आपल्याला खिडकीखालून रांगायला लावायचे. तुला आठवतं, ते स्वतः कुठे असायचे?" मर्विनने ताट जवळ ओढलं. सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, पेपर वाचत. मला हे त्याने नंतर सांगितलं.

पोलिसांना मात्र तिने खोटं सांगितलं नाही. जबाब घ्यायला एक तरुण बाई आली होती. थेल्माने तिला सरळ सांगितलं की मी काही पाहिलेलं नाही, बॉईडला जे बोलले ते का बोलले तेही सांगितलं. ती बाई आधी चिडली, म्हणाली तुम्ही केवढा धोका ओढवून घेतलाय तुम्हाला कळतंय का? थेल्मा म्हणाली, मला दुसरं काही कळतच नाही. मग त्या बाईने विचारलं, कोणत्या बसने गेलात? किती वाजता? थेल्माला ते सगळं तोंडपाठ होतं.

त्यानंतरचे दिवस मी विसरू शकत नाही. आधी तिच्या घराच्या भिंतीवर काळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: खबरी. मर्विनने पांढरा रंग मारला, तर खालून ते करडं करडं दिसत राहिलं. किराणा दुकानातली बाई, जी तिला लहानपणापासून ओळखायची, ती सुट्टे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवू लागली. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या शेजारी कुणी बसेना. लोक वाईट वागत होते असं नाही. ते घाबरले होते. कुणाच्या बाजूला उभं राहिलेलं दिसू नये एवढीच त्यांची धडपड होती, आणि मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला ठाऊक नाही.

मग चहाच्या वेळी पुढच्या खिडकीतून वीट आली. थेल्मा मागच्या खोलीत होती म्हणून वाचली. आम्ही तिला त्याच संध्याकाळी आमच्याकडे आणलं. तिच्याबरोबर तिची भीतीही आमच्या घरात राहायला आली. सकाळी कामावर जाण्याआधी मर्विन गुडघ्यावर बसून, कुणी बॉम्ब तर लावला नाही ना म्हणून, गाडीखाली बघू लागला, जे त्याच्या वडिलांनंतर आमच्यात कुणी केलं नव्हतं. दारातल्या पत्रपेटीची झडप वाजली की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. समोरच्या फुटपाथवर कुणी सिगरेट पेटवायला थांबलं तरी मी पडद्याआडून मोजत राहायचे, किती वेळ थांबतोय.

कोर्टनीने आपल्या फोनवर थेल्माचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. निरोपांना उत्तर नाही. ग्लेनिसने सांगितलं की सध्या हे भेटणं थांबवलेलं बरं. तरी दर बुधवारी थेल्मा कोट चढवायची आणि त्या कॅफेत जाऊन बसायची. मी म्हटलं, अगं ती येणार नाही आणि डेलची माणसं मात्र येतील. ती म्हणाली, मी येईन असं मी तिला सांगितलं होतं. एकटीला सोडवेना म्हणून मी बरोबर जायचे. मनातून चरफडत जायचे, हे सांगायला हरकत नाही.

असे काही बुधवार गेल्यावर एकदा दार ढकलून कोर्टनी आत आली. बारीक झाली होती. ती माझ्याकडे न बघता थेल्मासमोर बसली.

"तू काही पाहिलं नव्हतंस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तू त्या बोर्डाकडे तोंड करून उभी होतीस. मी बघितलं होतं. मी नेहमी मागे वळून बघते, तू बरोबर बसमध्ये चढतेस की नाही ते."

थेल्माने मेनूकार्ड तिच्यापुढे सरकवलं.

"मी सगळ्यांना सांगणार. आता जाऊन सांगणार."

"नाही सांगणार."

"का? मी काय लहान आहे?"

"हो," थेल्मा म्हणाली. "तू पंधराची आहेस. मोठी इथे मी आहे."

पोरीने मेनूकार्ड उलटं ठेवलं. "मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे."

"बरोबर आहे. रागाव. पण आधी काहीतरी खा."

कोर्टनीने टोस्ट मागवला आणि तो समोर आला तेव्हाच मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या बाजूला डेल उभा होता. हात खिशात, टोपी डोळ्यांवर. तो आमच्याकडेच बघत होता. किती वेळापासून, कोण जाणे.

कॅफेची बाई खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवू लागली. बाहेर पडावंच लागणार होतं. थेल्मा उठली, कोटाची बटणं लावली, एक चुकीच्या काजात गेलं, ते तिने पुन्हा काढून लावलं. मग तिने कोर्टनीची बाही धरली, लिफ्टमध्ये धरायची तशी. आम्ही तिघी बाहेर पडलो आणि थांब्याकडे चालू लागलो. डेल रस्ता ओलांडून आमच्या मागे आला. त्याच्या बुटांचा आवाज येत होता, आम्ही हळू झालो की तोही हळू होत होता.

थांब्यावर तो आमच्यापासून हाताच्या अंतरावर उभा राहिला. अजून विशीतही नव्हता. गालांवर मुरुमं होती. "खबरी," तो म्हणाला, रस्त्याकडे बघत, जणू बसचा नंबर वाचतोय. कोर्टनी वळली. तिच्या तोंडात शब्द आलाच होता, मी तो बघितला. थेल्माने तिची बाही इतकी जोरात ओढली की शिवण उसवली.

बस आली. तोही चढला. आमच्या अगदी मागच्या बाकावर बसला. सगळा वेळ त्याचा गुडघा थेल्माच्या पाठीमागच्या पत्र्यावर ठकठक करत होता. बसमध्ये आणखी लोक होते, सगळे खिडकीबाहेर बघत होते. थेल्मा ताठ बसली होती. तिच्या मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरताना मला दिसत होती. कोर्टनीचा थांबा आला आणि कुणीच उठलं नाही. आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे ड्रायव्हर, एक लठ्ठ माणूस, बाहेर आला आणि डेलला म्हणाला, "पोरा, गाडी इथेच संपते. उतर. बायकांनो, तुम्ही बसा, मी याच गाडीने परत जातोय." डेल उतरला. दार बंद झालं. ड्रायव्हर आमच्याशी एक शब्द बोलला नाही, पण परतीला कोर्टनीच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे थांबा नाही तिथे, त्याने गाडी उभी केली आणि लोर्नाने दार उघडेपर्यंत थांबला.

बसच्या पुढच्या काचेला कॅमेरा असतो. आम्हा कुणालाच ते कधी सुचलं नव्हतं. त्या पोलीस बाईला सुचलं. थेल्मा ज्या बसमध्ये चढली होती, ती थांब्याकडे येत असताना तिच्या दिव्यांच्या उजेडात बोळाचं तोंड, कॅन घेतलेला डेल, आणि मान वाकवून वेळापत्रक वाचणारी थेल्मा, असं सगळं एकाच चित्रात आलं होतं. रुमाल तेव्हा गळ्याशी होता. वेळ आणि थांबा नेमका सांगितला नसता तर ते चित्र इतर बसच्या चित्रणाच्या ढिगात पुसलं गेलं असतं.

नाताळाआधी डेलला पुन्हा उचललं. या वेळी सोडलं नाही. त्याने गुन्हा कबूल केला, त्यामुळे कुणालाच साक्षीला जावं लागलं नाही, कोर्टनीचं नाव कुठेच आलं नाही. त्याला काही वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी त्याची आई बाहेर पायरीवर बसून रडत होती, असं मर्विनने सांगितलं. थेल्माला त्याचंही वाईट वाटलं. मारिसेल बरी होऊन मुलीला घेऊन इंग्लंडला कुणा नातलगाकडे गेली. तिला थेल्माचं नावही माहीत नसेल.

बॉईड पुन्हा आला नाही. रस्त्यात भेटला तर मान लववतो. म्हणजे संपलं का, असं मला लोक विचारतात. आमच्याकडे असल्या गोष्टी संपल्या असं कुणी कुणाला येऊन सांगत नाही. थेल्मा आपल्या घरी राहायला परत गेलीच नाही. तिने ते सोडलं आणि समुद्राकाठच्या गावात एक लहानशी जागा घेतली. ग्लेनिसच्या संस्थेने तिचं आणि कोर्टनीचं भेटणं रीतसर बंद केलं. धोका फार होता, आणि ग्लेनिसचं म्हणणं चुकीचं नव्हतं. थेल्माने ते मुकाट्याने मानलं. कोर्टनीने मानलं नाही. ती दोन बस बदलून बुधवारी तिच्याकडे जायला लागली, अजून जाते. आता एकोणीसची आहे. केस कापण्याचा अभ्यासक्रम अर्धवट सोडला, आता एका गोदामात माल उचलायची गाडी चालवते, आणि तिचा तोंडाळपणा काडीचाही कमी झालेला नाही. मध्यंतरी एकदा तिने थेल्माला विचारलं, की तेव्हा तुला भीती नाही वाटली? थेल्मा म्हणाली, वाटली ना, अजून वाटते, सकाळी उठल्यावर आधी तीच उठते.

गेल्या महिन्यात मी तिकडे गेले होते. आम्ही तिघी चहा पीत होतो आणि बेल वाजली. थेल्माचा कप तोंडाशीच थांबला.

"बस तू," कोर्टनी म्हणाली आणि दाराकडे गेली.

थेल्माने कप खाली ठेवला, उठली, आणि तिच्या मागोमाग जाऊन तिच्या पाठीशी उभी राहिली, एक हात भिंतीवर टेकवून. शेजारचा म्हातारा होता. कचऱ्याचे डबे उद्या बाहेर ठेवायचे की परवा, विचारायला आला होता. परवा, असं कोर्टनीने त्याला सांगितलं.